चार रंगांत संगमरवर

सारसबागेतला गणपती पांढरा आहे, हे पुण्यातलं लहान मूलही सांगेल. पर्वतीच्या पायथ्याशी, तळ्याच्या मधोमध, सवाई माधवरावांच्या काळात १७८४ मध्ये या सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पहिली मूर्ती कुरुंद दगडाची होती. झीज झाल्यामुळे ती १८८२ मध्ये बदलली आणि १९९० मध्ये पुन्हा एकदा बदलली गेली. आजची मूर्ती राजस्थानी कारागिरांनी घडवलेली, पांढऱ्या संगमरवराची आहे. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा हात जोडून झाल्यावर अर्धा मिनिट जास्त थांबा आणि एवढंच बघा, की या मूर्तीत पांढरा रंग नेमका कुठे आहे. जास्वंद वाहिलेली असेल तर फुलालगतचा दगड गुलाबी झालेला दिसेल. अंगावर पिवळं वस्त्र असेल तर त्याची झाक पोटाच्या खालच्या गोलाईवर चढलेली असेल. सोंडेची आतली बाजू राखाडी दिसेल. ज्याला नि:शंकपणे पांढरं म्हणता येईल असा भाग शोधत गेलात, तर तो तिळाएवढा निघतो.

संगमरवरी मूर्तीचं तैलचित्र करायला बसणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. मूर्ती पांढरी, आणि पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब हाताशी. भरभरून पांढरा लावला जातो आणि चित्रातली मूर्ती खडूची दिसू लागते. मग ती सुधारण्यासाठी निळा, जांभळा, हिरवा असे एकेक रंग येत जातात आणि दगड आणखीच दूर जातो. याउलट पांढरा, पिवळी माती, लाल आणि काळा एवढ्या चारच रंगांवर काम करायचं ठरवलं, तर संगमरवर पुष्कळ खरा उतरतो. असं का होतं, याचं उत्तर दगडात, तेलात आणि आपल्या डोळ्यांत आहे.

उजेड पिणारा दगड

पुणे हे काळ्या फत्तराचं शहर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहिलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. पाताळेश्वराचं लेणं त्यातच कोरलेलं आहे आणि जुन्या वाड्यांची जोतीही त्याचीच. संगमरवर आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो, तो बहुतेक राजस्थानातून. ताजमहालाचा दगड ज्या मकराण्याच्या खाणींतून गेला, तिथलाच संगमरवर देवांच्या मूर्तींसाठी नावाजलेला आहे. चुनखडी जमिनीच्या पोटात गाडली गेली आणि तिच्यावर उष्णता नि दाब पडला, की तिच्यातल्या कॅल्साइटचे स्फटिक नव्याने वाढतात आणि एकमेकांत घट्ट रुतून बसतात. तोच संगमरवर.

काळ्या फत्तरावर पडलेला बहुतेक उजेड वरच्या वरच शोषला जातो. संगमरवरात तो काही मिलिमीटर आत उतरतो, स्फटिकांच्या कडांवर आपटत, वळत फिरतो आणि थोडा बाजूला सरकून पुन्हा बाहेर येतो. घरात संगमरवरी मूर्ती किंवा पाट असेल तर रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च त्याच्या कडेला टेकवून बघा. उजेडाचा ठिपका टॉर्चच्या तोंडाएवढा राहत नाही. त्याच्याभोवती मधाच्या रंगाचं वलय पसरतं. अंगणातल्या काळ्या दगडावर हाच प्रयोग केला तर ठिपका तिथल्या तिथे राहतो.

संगमरवराची सगळी ओळख या वलयात आहे. आत शिरलेला उजेड सावलीच्या हद्दीपलीकडे झिरपतो, म्हणून सावलीची कड मऊ होते. जिथे दगड पातळ आहे तिथे सावलीतही ऊब दिसते. गणपतीचे सुपासारखे कान हे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण. मागून खिडकीचा उजेड आला की कानाची पाळी आतून पेटल्यासारखी दिसते. प्लास्टरमध्ये उजेड इतका आत जात नाही, म्हणून प्लास्टरची मूर्ती कोरडी दिसते. पुण्यात जन्मलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना घडवलेलं ‘मंदिरपथगामिनी’ हे प्रसिद्ध शिल्प प्लास्टरचं होतं. पुढे त्यांनी संगमरवरातही मोठी कामं केली. पण हे दोन पदार्थ रंगवताना एकच कृती चालत नाही.

उजेड स्फटिकांतून आत जातो, तसे दगडातल्या सूक्ष्म फटींतून तेल आणि डागही आत जातात. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. ते डाग साध्या धुण्याने गेले नाहीत. ते काढायला त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाला आपली विद्या पणाला लावावी लागली. म्हणून घरच्या संगमरवरी देवाला तेल-शेंदूर लावू नये. पितळी देव घासायच्या चिंचेने किंवा लिंबाने तर तो कधीच घासू नये, कारण आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि दगडाची झिलई जाते.

रांगोळी आणि जवसाचं तेल

आता एक प्रयोग. दोन बशांत चिमूट चिमूट पांढरी रांगोळी घ्या. मार्बल पावडर मिळाली तर अधिक चांगलं. एका बशीत पाण्याचे चार थेंब टाका, दुसरीत जवसाच्या तेलाचे. पाण्यातली रांगोळी मळकट होते. दारातली रांगोळी पावसाच्या सरीने कशी विझते, ते आपण पाहिलेलंच असतं. पण पाणी वाळलं की ती पुन्हा पांढरी होते. तेलातली रांगोळी विझते ती विझतेच. तिचा पिवळसर, अर्धपारदर्शक लगदा होतो. म्हणजे पांढऱ्याशुभ्र संगमरवराची पूड तेलात खलली, तर तिच्यापासून पांढरा रंग तयार होत नाही.

याचं कारण उजेड वाकण्याच्या प्रमाणात आहे. या प्रमाणाला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा जवळपास १, पाण्याचा १.३३, जवसाच्या तेलाचा सुमारे १.४८ आणि कॅल्साइटचा दिशेनुसार १.४९ ते १.६६. दोन पदार्थांच्या अंकांत जितकं अंतर जास्त, तितका त्यांच्या सीमेवर उजेड जास्त परततो. मिठाचा खडा पारदर्शक असतो, पण दळलं की मीठ पांढरं दिसतं, कारण कण आणि हवा यांच्या असंख्य सीमा तयार होतात. ताकावरचा फेसही असाच पांढरा होतो. रांगोळीच्या कणांभोवती हवेच्या जागी तेल आलं, की हे अंतर जवळजवळ मिटतं आणि उजेड न अडखळता आरपार जातो. पांढरेपणा पदार्थात साठवलेला नसतो, तो दोन गोष्टींमधल्या फरकातून उपजतो. हे एक वाक्य ध्यानात ठेवलं तर संगमरवर रंगवण्याची पुढची सगळी युक्ती त्यातूनच उलगडते.

तेलात पांढरा राहणारा पदार्थ हवा, तर त्याचा अंक तेलाहून खूप मोठा हवा. शिशाचा सफेदा आणि जस्ताचा पांढरा यांचे अंक २ च्या आसपास आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ पर्यंत जातो. टायटॅनियम व्हाइट १९२० च्या सुमारास बाजारात आला आणि लवकरच सगळ्यांचा झाला. तो सर्वांत जास्त झाकतो. सफेद्याचा थर चिवट आणि उबदार असतो, पण शिसं विषारी आहे. जस्ताचा थर वर्षानुवर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. घरी काम करणाऱ्याने टायटॅनियम वापरावा, एवढं ध्यानात ठेवून की तो दगडापेक्षा फार बोथट आणि अपारदर्शक आहे. तो जितका कमी लागेल तितकं चित्र दगडाच्या जवळ जाईल.

ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याचंच तेल तैलरंगांना बांधून ठेवतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल असं वाळत नाही. जवसाचं तेल काळाने पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगांसाठी पुष्कळदा करडईचं तेल वापरतात. ते कमी पिवळं पडतं, पण वाळायला जास्त वेळ घेतं. एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. ऑक्सिजन घेताना तेल तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवाव्यात.

उन्हातला काळा, गाभाऱ्यातला पांढरा

आता डोळ्यांकडे वळू. भर दुपारी मोकळ्या जागेत सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर खोलीच्या आत काहीशे. उन्हातला काळा फत्तर पडलेल्या उजेडातले शंभरात दहा भाग परतवतो असं धरलं, तरी त्याच्याकडून येणारा उजेड दहा हजारांच्या घरात जातो. तीनशे लक्सच्या गाभाऱ्यातल्या पांढऱ्या मूर्तीने शंभरातले नव्वद परतवले तरी हिशेब तीनशेच्या आतच राहतो. म्हणजे उन्हातला काळा दगड सावलीतल्या पांढऱ्या मूर्तीपेक्षा तीसपटीहून जास्त उजेड डोळ्यांकडे पाठवतो, आणि तरीही आपल्याला दगड काळा नि मूर्ती पांढरी दिसते. डोळा उजेड मोजत बसत नाही. तो शेजारच्या गोष्टींशी तुलना करतो.

चित्रकाराचा पल्ला तर फारच तोकडा आहे. पॅलेटवरचा सर्वांत पांढरा रंग सर्वांत काळ्या रंगाहून फार तर पंचवीस-तीस पट उजळ. एवढ्यातच खिडकीचा उजेड, दगडाची झिलई आणि कानामागचा काळोख बसवायचा असतो. म्हणून कोणता रंग लावला यापेक्षा त्याच्या शेजारी काय आहे, हे महत्त्वाचं ठरतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला आपण उजळ करायला पांढरा आणि गडद करायला काळा मिसळला होता. ती निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी, म्हणजे उष्ण आणि शीत यांचा फरक, चार रंगांच्या पॅलेटवर आपोआप शिकायला मिळते.

चुना, पिवडी, गेरू, काजळ

चार रंगांची ही कल्पना जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधला अपेलीस आणि त्याच्या तोडीचे चित्रकार पांढरा, पिवळा, लाल आणि काळा एवढ्याच रंगांत काम करत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे. आपल्याला हे चार रंग परके वाटायला नकोत. गावाकडच्या घराच्या भिंती चुना, पिवडी, गेरू आणि काजळ यांनीच सजत आल्या आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांचाही पाया पिवळी-तांबडी माती, काजळी आणि पांढरी माती हाच होता. त्यात हिरवी माती आणि दुरून आणलेला लाजवर्दी निळा तेवढा जास्तीचा. अर्वाचीन काळात हा पॅलेट स्वीडनच्या अँडर्स झॉर्न या चित्रकाराच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या १८९६ च्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा हे चार रंग स्पष्ट दिसतात.

पुण्यात तैलरंग आले तेही सवाई माधवरावांच्याच कारकिर्दीत. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तैलचित्र केलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळ आणि कार्ल्याच्या लेण्यांची चित्रं काढली. दगडावर उजेड कसा बसतो, हे पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर उतरवणाऱ्या पहिल्या पुणेकर चित्रकारांत त्यांचं नाव घ्यावं लागेल. तळ्यातला गणपती आणि शनिवारवाड्यातली चित्रशाळा एकाच पेशव्याच्या काळातली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वीतभर मूर्ती, उत्तरेची खिडकी

गाभाऱ्यात इझल मांडता येत नाही, म्हणून माझ्या टेबलावर वीतभर उंचीची जयपुरी गणेशमूर्ती आहे. ती उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवतो, कारण तिकडचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतून थेट ऊन येतं. त्या दिवसांत काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवतो. मूर्तीमागे मळकट तपकिरी कापड लावतो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी मूर्ती ठेवली तर फरक उरत नाही.

पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट आणि आयव्हरी ब्लॅक. जुना व्हर्मिलियन म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचं संयुग. त्याच्या जागी आता कॅडमियम रेड वापरतात. आयव्हरी ब्लॅकमध्येही हस्तिदंत राहिलेला नाही, तो जाळलेल्या हाडांपासून होतो. याच काळ्यामुळे निळ्या ट्यूबची गरज पडत नाही. त्यात पांढरा मिसळला की करडा येतो, आणि तो ऑकरच्या शेजारी ठेवला की चक्क निळा दिसतो. शेजारचे रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात, हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. गालिचे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात काळ्या रंगाबद्दल तक्रारी येत होत्या. रंग चांगलाच होता, शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता, असं त्याने दाखवून दिलं.

कॅनव्हास आधी काळा, ऑकर आणि थोडा लाल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून माखतो आणि चिंधीने पुसून मध्यम टोनवर आणतो. पांढऱ्या कॅनव्हासवर संगमरवराचा प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि हात पांढऱ्याकडे जातो. मग डोळे बारीक करून मूर्तीकडे बघायचं, म्हणजे तपशील विरघळतो आणि उजेड व सावली असे दोनच प्रांत उरतात. त्यांची हद्द आधी आखून घ्यायची. नंतर चाकूने पाच टोनचे पाच ढीग करायचे, सर्वांत गडद सावलीपासून पोटावरच्या उजळ गोलाईपर्यंत. निव्वळ पांढरा या पाचांत नाही. तो पॅलेटच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत थांबतो.

खिडकीतून आकाशाचा उजेड येतो, तो शीत असतो. म्हणून उजेडाच्या प्रांतात पांढऱ्याबरोबर किंचित काळा, आणि सावलीच्या प्रांतात ऑकर नि लालाचा अंश. रात्री पिवळ्या दिव्याखाली बसलात तर हे नेमकं उलट होतं. कानाच्या पाळीवर मात्र काळा अजिबात लावायचा नाही. तिथे ऑकर, पांढरा आणि लालाचा एक कण, तोही चाकूने एकदाच मिसळून. फार घोटलं की दगड आतून विझतो.

पहिला थर काही दिवसांत वाळला की उजेड आणि सावलीच्या मधल्या पट्ट्यावर अगदी पातळ पांढरा कोरड्या ब्रशने ओढायचा. पाणी घातलेलं दूध स्टीलच्या पेल्याच्या कडेला निळसर दिसतं, तसा हा विरळ पांढरा गडद थरावर निळसर दिसतो. कारण दोन्हीकडे एकच आहे, विखुरलेल्या उजेडातला निळा भाग जास्त परततो. संगमरवराची ती गार झाक अशी येते. नंतरच्या थरात आधीच्या थरापेक्षा तेल थोडं जास्त असावं. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर वरचा लवकर घट्ट होतो आणि तडे जातात.

मग दुर्वा. हिरवी ट्यूब नाहीच. ऑकर आणि काळा मिसळला की शेवाळी रंग येतो, एरवी त्याला कोणी हिरवा म्हणणार नाही. पण शेजारी कॅडमियम रेडची जास्वंद ठेवली की तीच दुर्वांची जुडी ताजी हिरवी होते. फुलाची लाली थोडी कपाळावर उतरवायची. सर्वांत शेवटी, सोंड जिथे वळते तिथे झिलईवर चमकणारा ठिपका. त्यासाठी पांढरा लागतो तो गव्हाच्या दाण्याएवढा, चाकूच्या टोकावर. तो एकदाच ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा.

चित्र बघायला येणारे म्हणतात, किती पांढरी मूर्ती! मग मी त्यांच्या हातात एक करडं कार्ड देतो. त्याला बोटाच्या पेराएवढं भोक आहे. कार्ड चित्रासमोर धरून त्या भोकातून फक्त पोटाचा तुकडा बघायचा. दिसतो तो बिस्किटाचा रंग, शेजारी राखाडी. कार्ड बाजूला केलं की तोच तुकडा पुन्हा पांढरा होतो.